भय कुणी धरायचं आणि धैर्य कुणाला द्यायचं?

गेलं वर्षभर आपल्या कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद चाललाय आणि तो इतका वाईट चाललाय की शेवटी लिहायला बसले. एका बाजूला जुनी जाणती माणसं, त्यांचं म्हणणं की आजकालच्या पोरांना देवाचं भयच राहिलं नाही, उपासनेला कसं यावं, प्रार्थनेत कसं बोलावं, कशाचाच धरबंध नाही, गिटार ड्रम लावून देवाशी मित्राशी बोलल्यासारखं बोलतात. दुसऱ्या बाजूला तरुण संघाची पोरं आणि नव्या फेलोशिपवाले, त्यांचं म्हणणं की भय बिय सगळं जुन्या करारातलं, आम्ही राजाची लेकरं, लेकराला बापाची कसली भीती. मग हे म्हणणार परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ, ते म्हणणार पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे म्हणणार आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, ते म्हणणार धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. आता ही शेवटची दोन्ही वचनं एकाच पत्रातली आहेत, इब्री लोकांस पत्रातली, हे भांडणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात येतं? एकाच माणसाने एकाच पत्रात दोन्ही लिहिलंय म्हणजे त्याला दोन्ही एकदम म्हणायचं होतं, मग आपण त्याचे दोन तुकडे करून एकमेकांना का मारतोय?

माझं म्हणणं आधीच सांगते. भय की धैर्य हा प्रश्नच चुकीचा आहे. शास्त्रात दोन्ही आहे, भरपूर आहे, आणि दोन्ही पूर्ण ताकदीने आहे. विचारायचं असेल तर असं विचारा की भय कुणाला सांगितलंय आणि धैर्य कुणाला दिलंय. सगळं शास्त्र या नजरेने वाचत गेलं की दिसतं, देवाचं भय धर हे मुख्यतः ज्याचा हात वर आहे त्याला सांगितलंय, आणि जवळ ये, घाबरू नको हे जो मान खाली घालून लांब उभा आहे त्याला. आणि आपण आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकं उलटं वाटप करून बसलोय. मागच्या बाकावरच्याला भय, पुढच्या बाकावरच्याला धैर्य.

जुन्या करारातलं लेवीय १९:१४ काढून बघा. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला दगड कुणी ठेवला ते दिसत नाही, म्हणजे करणाऱ्याला पकडणारं कुणीच नाही, आणि बरोबर तिथंच देव म्हणतो मला भी. लेवीय २५ मध्ये तेच परत परत येतं, कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नको, देवाचं भय धर, तुझ्याकडे राबणाऱ्यावर कठोरपणे हुकमत चालवू नको, देवाचं भय धर. अनुवाद २५ मध्ये इस्राएलचा शत्रू अमालेक, त्याचा गुन्हा काय सांगितलाय? इस्राएल थकूनभागून चालले होते तेव्हा जे मागे रेंगाळले होते त्यांना त्याने गाठलं, त्याला देवाचं भय नव्हतं. नहेम्या यहूदाचा अधिकारी झाला, त्याच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी लोकांकडून पैसा, अन्न, द्राक्षारस उकळला होता, तो म्हणतो मी तसं केलं नाही कारण मला देवाचं भय होतं. आणि निर्गमाच्या पहिल्याच अध्यायातल्या त्या दोन सुइणी, शिफ्रा आणि पुवा. फारोने सांगितलं मुलगा झाला की मारून टाका, नुकत्याच जन्मलेल्या जिवाचं मरणजगणं त्यांच्या हातात होतं, आणि त्या देवाला भ्यायल्या म्हणून त्यांनी मारलं नाही. राजापुढे उभं राहून उत्तर द्यायची हिंमत त्यांना कुठून आली? त्याच भयातून. म्हणजे देवाचं भय माणसाला गुडघ्यात वाकवून गप्प बसवतं हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते या दोन बायकांनीच खोटं पाडलंय.

आता प्रभू येशूकडे या. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली ती बाई मार्क ५ मध्ये भीत भीत, थरथर कापत त्याच्या पाया पडते. तिला तो म्हणतो का, बरोबर आहे, अशीच भीत राहा? तो तिला मुली म्हणतो आणि शांतीने जा म्हणतो. आंधळा बार्तीमय ओरडतो तेव्हा गप्प राहा म्हणून त्याला दटावणारी गर्दी आहे, लेकरांना आणणाऱ्यांना दटावणारे शिष्य आहेत, आणि दरवेळी तो दटावणाऱ्यांची बाजू घेत नाही. मग नरकाचं, अंधाराचं, रडण्याचं आणि दातखाण्याचं जे काही तो बोललाय, आणि बरंच बोललाय, ते कुणाला उद्देशून? लहानांतल्या एकाला अडखळवणाऱ्याला, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं म्हणाला. दाराशी पडलेल्या लाजराला न बघता रोज मेजवान्या झोडणाऱ्या श्रीमंताला. लोकांच्या खांद्यावर जड ओझी बांधून स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांना. भुकेल्याला जेवू न घालणाऱ्यांना. भय तिथं आहे, अगदी कडक आहे, फक्त ते आपण ज्यांना वाटतो त्यांच्यासाठी नाही.

हे सगळ्यात जास्त कुठं दिसतं तर प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा. १ करिंथ ११ वाचतात, बहुतेक ठिकाणी सुरुवात होते २३ व्या वचनापासून, आणि मग येतं की जो अयोग्य प्रकारे खातो पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, म्हणूनच तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि रोगी आहेत. हे ऐकून मागे बसलेल्या किती बायका जागच्या उठत नाहीत ते कधी मागे वळून बघितलंय का कुणी? सकाळी घरात भांडण झालेलं असतं, सासूबद्दल मनात राग असतो, उधारी चुकवायला कुणाशी खोटं बोललेलं असतं, आणि ती ठरवते की मी अयोग्य, उगाच घेतलं आणि पोराबाळांना काही झालं तर? अशा बायका मी ओळखते, वर्षानुवर्षं ताट पुढे सरकवणाऱ्या. आणि त्याच वेळी पुढच्या बाकावर असे लोक बसलेले असतात की ज्यांनी भावाची जमीन खाल्लीय, कामवालीचा पगार चार महिने थकवलाय, आणि ते निवांत पहिल्यांदा घेतात, त्यांच्या मनाला त्या वचनाचा स्पर्शही होत नाही.

पण तोच अध्याय सहा वचनं आधीपासून, १७ पासून वाचा. करिंथमध्ये काय चाललं होतं? सगळे एकत्र जमायचे, पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच आपापलं जेवून घ्यायचे, एकजण पिऊन तर्र आणि एकजण उपाशी. पौल विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? दंडाचं जे भयंकर बोलणं आहे ते या प्रश्नानंतर येतं, आणि सगळं संपतं कशावर, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा यावर. म्हणजे पौल ज्या उपाशी, लाजलेल्या माणसासाठी इतका चिडला होता त्यालाच आपण दोन हजार वर्षांनी त्याच्याच शब्दांनी मेजावरून उठवतोय, आणि ज्यांच्यावर चिडला होता ते आरामात बसलेत. याच्याइतकं उलटं वाचन दुसरं कुठलं दाखवता येईल?

जुन्या माणसांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण त्यात दम आहे. प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी, आम्ही घोषित करतो, आम्ही हक्काने घेतो, गाडी घेतो, व्हिसा घेतो, असली भाषा मीही ऐकलीय आणि मलाही ती खुपते. यशया देवाला बघतो तेव्हा हाय हाय मी संपलो म्हणतो. अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नासावरून दहावर आणतो, पण मी धूळ आणि राख आहे हे म्हणत म्हणत. आणि भय फक्त जुन्या करारात आहे हे तर चूकच आहे, हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं पैशाबद्दल खोटं बोलून प्रेषितांच्या कृत्यांत मरून पडतं, सगळ्या मंडळीला मोठं भय वाटलं असं तिथं लिहिलंय. उज्जाची गोष्ट तर अशी आहे की ती माझ्याही मांडणीत बसत नाही. बैल बुजले, त्याने गाडीवरचा देवाच्या कराराचा कोश सावरायला हात लावला आणि मेला, त्याने कुणा दुबळ्यावर अन्याय केलेला नव्हता. दावीद स्वतः त्या दिवशी रागावलाही आणि भ्यालाही. देवाच्या पवित्रपणात असं काहीतरी आहे की जे आपल्या कुठल्याच हिशोबात मावत नाही, ते मी मान्य करते आणि ते तसंच ठेवते.

पण म्हणून लोकांना घाबरवून देवाकडे आणता येतं का? शास्त्रातली पहिली भीती बघा, आदाम म्हणतो तुझा आवाज ऐकला, मी भ्यालो आणि लपलो. मत्तय २५ मधला, धन्याने एक तालांत म्हणजे मोठी रक्कम सांभाळायला दिलेला दास म्हणतो, तू कठोर माणूस आहेस हे मला माहीत होतं, म्हणून मी भ्यालो आणि तुझा पैसा जमिनीत पुरून ठेवला. दोन्हीकडे नुसत्या धाकातून काय निघालं? लपणं. यशया २९ मध्ये तर देवाची तक्रारच आहे की हे लोक मला भितात ते माणसांनी पाठ करून घेतलं म्हणून, मन माझ्यापासून लांब आहे. आणि स्तोत्र १३० म्हणतं की तुझ्याजवळ क्षमा आहे म्हणून तुझं भय धरलं जातं. क्षमा आधी, भय नंतर. ज्याला क्षमा मिळालीच नाही त्याच्या मनात जे असतं त्याला भय म्हणून गौरवायचं कशाला? हनन्याचंही नीट बघा, तो जमीन विकणारा माणूस होता, मंडळीतला पैसा गरजवंतांसाठी गोळा होत होता, आणि त्याला थोडं मागे ठेवून पूर्ण दिल्याचं नाव हवं होतं. तिथं भय पसरलं ते देणगी देऊन मोठेपणा मिरवणाऱ्यासाठी पसरलं. आपल्याकडे देणगीदारांच्या पाट्या लागतात त्या रविवारी हा उतारा का वाचत नाहीत?

इब्री पत्राचंही तसंच. जिवंत देवाच्या हाती सापडणे हे भयंकर आहे, हे वचन जवळ येणाऱ्याला थांबवायला वापरतात, पण त्या पत्रातला इशारा आहे तो मागे सरणाऱ्याला, सोडून जाणाऱ्याला. जवळ येणाऱ्याला त्या पत्रात एकदाही अडवलेलं नाही. ज्यांना ते लिहिलं त्यांनी निंदा सोसली होती, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, हात लोंबकळले होते, गुडघे लटपटत होते. त्यांना तो म्हणतो, धैर्याने या.

आणि देवाशी असं जवळिकीने बोलणं बाहेरून आलंय, आपल्या मातीत नाही, हे जे म्हणतात त्यांना काय सांगायचं? तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई त्याला शिव्या घालते. रेव्हरंड टिळक म्हणायचे मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपण मराठी माणसं देवाशी अरेतुरे करतच वाढलोय.

आता तरुणांकडे वळते, कारण त्यांचंही मला तितकंच पटतं आणि तितकंच खटकतं. ज्या मुलीने बाप म्हणजे पट्टा एवढंच बघितलंय तिला देवबापाला भी असं सांगणं म्हणजे काय, याचा विचार जुन्यांनी करायलाच हवा. पौल रोमकरांस ८ मध्ये म्हणतो की पुन्हा भीती बाळगावी असा दासपणाचा आत्मा तुम्हांला मिळाला नाही. हे खरं आहे आणि माझ्यासाठी जीव की प्राण आहे. पण पोरांनो, ज्या योहानाचं ते पूर्ण प्रीतीचं वचन तुम्ही टीशर्टवर छापता त्याचंच पत्र एक पान मागे जाऊन वाचा. तो म्हणतो, संसाराची साधनं असून भाऊ गरजेत दिसला आणि मन कठोर केलं तर देवाची प्रीती तुमच्यात राहणार कशी? शब्दाने नको, कृतीने प्रीती करा, आणि मग, बरं का, मग म्हणतो की यावरून आपलं मन देवापुढे निर्धास्त होईल, आपल्याला देवापुढे धैर्य आहे. आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देतेच्या दोनच वचनं पुढे, मी देवावर प्रीती करतो म्हणून भावाचा द्वेष करतो तो लबाड. तुमचं धैर्य माईक, लाईट आणि तीन तासांच्या वर्शिपमधून येत असेल आणि साउंड सिस्टिम उचलून नेणाऱ्या पोराचं नावही तुम्हाला माहीत नसेल तर ते योहानाचं धैर्य नव्हे.

मधल्या मार्गवाल्यांविषयी फार लिहीत नाही. थोडं भय ठेवा थोडं धैर्य ठेवा, समतोल साधा, असं ते सांगतात. देव उतरला तेव्हा सीनाय डोंगर थोडा हलला नव्हता आणि येशू मेला तेव्हा मंदिराचा पडदा अर्धा फाटला नव्हता.

इतिहासात हे उलटं वाटप किती महागात पडलंय ते बघा. इफिसकरांस ६:५, दासांनो भीत भीत कापत कापत धन्याच्या आज्ञा पाळा, हे वचन अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांना पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलं. चारच वचनं पुढे धन्यांना सांगितलंय की धमकावणं सोडा, तुमचाही धनी स्वर्गात आहे आणि त्याच्याजवळ पक्षपात नाही. ते कुणी ऐकवलं? १७४१ साली अमेरिकेतल्या एनफिल्डमध्ये उपदेशक जोनाथन एडवर्ड्सने देवाच्या क्रोधावर असा उपदेश केला की लोक बसल्या जागी किंचाळायला लागले. एडवर्ड्स मोठा विचारवंत, देवाच्या गोडीवरही त्याने सुंदर लिहिलंय, त्याला क्रूर ठरवणं अन्याय होईल. पण त्याच्याच घरात गुलाम होते, दहा वर्षं आधी त्याने एक मुलगी विकत घेतली होती. लेवीय २५ मधलं भय त्या घराच्या उंबऱ्याला का अडलं? आणि धैर्यवाल्यांनी जर्मन धर्मसुधारक लूथर बघावा. तरुणपणी तो देवाला इतका घाबरायचा की १५०७ साली पहिला मिस्सा करताना कापला, पुढे कृपा समजली आणि १५२१ साली वर्म्सला बादशहापुढे ताठ उभा राहिला. किती मोठं धैर्य ते! पण १५२५ साली शेतकरी उठले तेव्हा त्याच माणसाने राजेरजवाड्यांना लिहिलं की यांना कापून काढा. त्या दिवशी त्याची लेखणी बलवानांच्या हातात शस्त्र देत होती, आणि तिथं त्याला देवाचं भय वाटायला हवं होतं.

कुणी म्हणेल तुम्ही अध्यात्माचं राजकारण करताय, पाप सगळ्यांनीच केलंय, गरीब असो की श्रीमंत, भय सगळ्यांनाच. माझ्या मते माझ्याविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे. मंदिरात लांब उभा राहून ऊर बडवणारा जकातदार काही गरीब नव्हता, रोमन सत्तेसाठी लोकांना पिळणारा होता. बरोबर. म्हणून तर त्याचं लांब उभं राहणं योग्य होतं! मी माणसांचे दोन गट पाडत नाहीये. ऑफिसात साहेबाच्या शिव्या खाणारा माणूस घरी येऊन बायकोवर हात उचलतो, तेव्हा एकाच दिवसात एकाच माणसाला दोन्ही हवं असतं, साहेबापुढे धैर्य आणि बायकोपुढे देवाचं भय. प्रत्येकाच्या हाताखाली कुणीतरी असतं आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी हाताखाली. भय कुठे लावायचं आणि धैर्य कुठे, हे ओळखणं यालाच तर ज्ञानाचा आरंभ म्हटलंय असं मला वाटतं. आपल्या गावाला हे परकं नाही. वेदोक्त प्रकरणात प्रत्यक्ष शाहू छत्रपतींना वेदमंत्रांचा तुम्हाला अधिकार नाही म्हणून ऐकवलं गेलं, आणि त्या माणसाने तो अपमान खालच्याच्या अंगावर ढकलला नाही, २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, गंगाराम कांबळेच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले. शाहू महाराजांनी आपलं तत्त्वज्ञान वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं, पण सत्ता हातात असलेल्याने कुठे जपून वागायचं हे त्यांना आपल्या मंडळ्यांच्या पंचांपेक्षा जास्त कळलं होतं.

आणि पूर. २०१९ ला चिखली, आंबेवाडी, शिरोळची गावं पाण्याखाली गेली तेव्हा हा देवाचा कोप म्हणणारे सगळ्याच धर्मांत भेटले, आपल्यातही. ज्याची म्हैस वाहून गेली त्याला पश्चात्ताप कर म्हणायचं आणि ज्यांनी पूररेषेत भराव टाकून बांधकामं केली, ज्यांनी परवानगीच्या सह्या केल्या, त्यांना नाताळला शाल घालायची? पिलाताने गालीलातल्या काहींना मारल्याची बातमी लोकांनी येशूला सांगितली तेव्हा त्यानेच विचारलं, ते जास्त पापी होते का, आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण? तो नाही म्हणाला, आणि भय सांगायला आलेल्यांच्याच हातात दिलं, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचंही तेच.

१८५२ साली मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. आपल्यातल्या कित्येकांच्या पणजोबांना देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं जायचं, त्यांनी एका खोलीत शिरून पहिल्यांदा बाकावर बसून देवाला बापा म्हटलं, तेव्हा त्यांना भयावर व्याख्यान कुणाकडून हवं होतं? भय त्यांना आयुष्यभर पुरेल एवढं मिळालंच होतं. त्यांच्या नातवंडांकडे आता ट्रस्ट आहेत, शाळांच्या कमिट्या आहेत, दवाखान्यांची आणि जमिनींची कागदपत्रं आहेत. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रभुभोजनाचं वाचन २३ पासून नको, १७ पासून सुरू करा. भयावरचा उपदेश वर्षाच्या हिशोबाच्या सभेला ठेवा, पंचांच्या निवडणुकीच्या आदल्या रविवारी ठेवा, जमिनीचा व्यवहार मंजुरीला येईल त्या दिवशी लेवीय २५ उभं राहून वाचा आणि मग ठराव मांडा. तरुण संघाने त्या सभांना यावं, मागे बसून हिशोबाचे प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळालं नाही तर परत विचारावेत.